वंडर (कादंबरी)

वंडर ही आर. जे. पलासिओ या अमेरिकन लेखिकेची २०१२ मध्ये आलेली इंग्रजी कादंबरी, त्यांची पहिलीच. दहा वर्षांचा ऑगस्ट पुलमन, घरच्यांचा ऑगी, जन्मापासून वेगळ्या चेहऱ्याचा. २७ ऑपरेशनं झालेली, त्यामुळे अभ्यास सगळा घरीच आईजवळ, आणि पाचवीत तो पहिल्यांदा शाळेत जातो, न्यूयॉर्कमधल्या बीचर प्रेप नावाच्या. त्या एका वर्षाची ही गोष्ट.

पुस्तक सुचलं ते आईस्क्रीमच्या दुकानाबाहेर. तिथे वेगळ्या चेहऱ्याची एक मुलगी बसली होती, तिला बघून पलासिओंचा लहान मुलगा रडायला लागला, त्या घाईघाईने पोरांना घेऊन तिथून निघाल्या आणि मग आपण असं का वागलो हे मनातून जाईना, तर त्याच रात्री लिहायला बसल्या. नागपूरच्या फुटाळा तलावावर आपणही हेच करतो, एकतर टकामका बघायचं नाहीतर पोट्ट्याचं डोकं दुसरीकडे फिरवायचं.

ऑगीला जे आहे त्यातला मुख्य भाग म्हणजे ट्रीचर कॉलिन्स सिंड्रोम. साधारण ५०,००० जन्मांत एकाला होतो, जनुकातल्या बदलामुळे, म्हणजे ग्रहणात आईने भाजी चिरली वगैरे काही नाही. गालाची आणि जबड्याची हाडं नीट वाढत नाहीत, डोळे बाहेरच्या बाजूला खाली उतरतात, कान लहान राहतात, ऐकू कमी येतं. बुद्धी सहसा इतरांसारखीच. आणि हात लावल्याने तर होतच नाही, पण शाळेतल्या पोरांना हे कोण सांगणार, ते 'प्लेग' नावाचा खेळ काढतात: ऑगीला चुकून हात लागला तर ३० सेकंदांत हात धुवायचे, नाहीतर तुलाही लागला.

हा खेळ नागपूरच्या वाचकाला परका वाटत नाही. इथून चंद्रपूरच्या रस्त्याला लागलं की वरोऱ्याजवळ आनंदवन आहे, बाबा आमटे आणि साधनाताईंनी कुष्ठरोग्यांसाठी उभं केलेलं, आणि सुरुवातीला तिथे पिकलेली भाजीसुद्धा लोक घ्यायला तयार नव्हते. तिथे निदान कुष्ठरोगाची भीती तरी होती (तोही आता औषधाने पूर्ण बरा होतो), ऑगीच्या बाबतीत तर नुसता चेहरा.

ऑगीचा आवडता सण हॅलोविन, कारण त्या दिवशी सगळेच मुखवटा घालतात आणि त्याला मान वर करून चालता येतं. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला पोट्टे नटूनथटून लाकडी नंदी घेऊन बोजारा (खाऊ-पैसे) मागत घरोघरी फिरतात ना, तसंच काहीसं, फक्त इथे चेहरा झाकत नाहीत. नेमकं त्याच दिवशी, ऐनवेळी वेश बदलल्यामुळे, मुखवट्याआडून ऑगीला ऐकू येतं की त्याचा जिगरी जॅक इतरांना सांगतोय, माझा चेहरा असा असता तर मी जीव दिला असता. पुस्तकातलं सगळ्यात जड पान हेच.

लेखनाची युक्ती मस्त आहे. चेहरा कसा दिसतो हे ऑगी स्वतः सांगतच नाही, तुम्ही मनात आणाल त्याहून वाईट असेल एवढंच म्हणतो. नंतर कधीतरी त्याची बहीण व्हिया सांगते. गोष्ट आठ भागांत आहे आणि सांगणारे बदलत राहतात, पण मला व्हियाचाच भाग भारी वाटला, कारण घरात ऑगी म्हणजे सूर्य आणि बाकीचे त्याच्याभोवती फिरणारे, आणि अशा घरात शहाण्या मुलीने काही मागायचंच नसतं. शेवटी शाळेत ऑगीला मेडल मिळतं, सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात, ते जरा सिनेमासारखंच झालंय.

सिनेमाही आला, २०१७ मध्ये, दिग्दर्शक स्टीफन चबॉस्की, आईच्या कामाला जुलिया रॉबर्ट्स. ऑगीचं काम जेकब ट्रेम्बलेने मेकअप चढवून केलं. त्या मेकअपला ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि खरंच वेगळा चेहरा असलेल्या काही लोकांनी नेमकं त्याच्यावरच बोट ठेवलं, की हे काम आमच्यातल्या एखाद्या पोराला का नाही दिलं.