ड्राफ्ट म्हणजे करार नव्हे: अठराव्या वर्षी कॉलेज की मायनर लीग?

अमेरिकन बेसबॉलमध्ये ड्राफ्टला, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक कार्यक्रमात, नाव लागणं आणि व्यावसायिक खेळाडू होऊन मायनर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च मेजर लीगच्या संघांच्या खालच्या, तयारीच्या स्पर्धांत, खेळू लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरोघरी त्यांची गल्लत होते आणि मग ‘शिक्षण की खेळ’ असा वाद सुरू होतो. खरा प्रश्न निराळा आहे. हायस्कूल संपवणाऱ्या मुलाकडे विकण्याजोगी एकच गोष्ट असते, ती म्हणजे नाही म्हणण्याची मुभा. ती आज विकायची की तीन वर्षांनी, आणि केवढ्याला, एवढंच ठरवायचं असतं.

ड्राफ्ट १९६५ पासून चालू आहे. २०२१ पासून तो जुलैमध्ये होतो आणि त्यात २० फेऱ्या असतात. तीस संघ मिळून सहाशेच्या थोडे वर खेळाडू निवडतात. निवडीतून संघाला काय मिळतं? काही आठवडे त्या मुलाशी बोलणी करण्याचा एकट्याचा हक्क, बस. जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला ही मुदत संपते. तोवर सही झाली नाही तर मुलगा निर्धास्त कॉलेजला जातो, त्या निवडीचं कोणतंही ओझं त्याच्यावर राहत नाही. फलंदाज ॲरन जजला २०१० मध्ये ओकलंडने ३१व्या फेरीत निवडलं होतं. तो सही न करता फ्रेझ्नो स्टेट विद्यापीठात गेला. २०१३ मध्ये यांकीजने त्याला एकूण ३२व्या क्रमांकावर घेतलं आणि सहीबद्दल १८ लाख डॉलर बोनस दिला.

सही मात्र माघारी घेता येत नाही. व्यावसायिक करार केला की कॉलेज बेसबॉल संपलं. उलट बाजूलाही कुलूप आहेच: चार वर्षांच्या कॉलेजात पाय ठेवला की तिसरं वर्ष पूर्ण होईपर्यंत किंवा वय २१ होईपर्यंत ड्राफ्टमध्ये नाव येत नाही. म्हणून बोलणीत ताकद दोनदाच असते, हायस्कूल संपताना आणि तिसऱ्या वर्षानंतर. चौथं वर्ष संपवलेल्या खेळाडूला जायला दुसरीकडे जागा नसते, हे संघांना पक्कं माहीत असतं. त्यामुळे चांगला खेळूनही त्याच्या हातात बहुधा अगदी किरकोळ बोनस पडतो.

बोनसचा आकडा संघाच्या मर्जीवर नसतो. पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक क्रमांकाला लीगने एक रक्कम नेमून दिलेली असते आणि त्या रकमांची बेरीज म्हणजे संघाचं वर्षाचं बजेट. बजेटच्या वर पाच टक्क्यांपर्यंत गेलं तर जास्तीच्या रकमेवर ७५ टक्के दंड बसतो. त्याहून वर गेलं तर पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची निवड जाते. दहाव्या फेरीनंतरच्या खेळाडूला दीड लाख डॉलरपर्यंत दिले तर ते बजेटमध्ये धरत नाहीत. सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेली अट वेगळीच आहे: पहिल्या दहा फेऱ्यांतल्या खेळाडूने सही केली नाही, तर त्याच्या क्रमांकाची रक्कम बजेटमधून पुसली जाते.

या अटीचा फटका कसा बसतो, ते २०१४ मध्ये दिसलं. ह्यूस्टन ॲस्ट्रोजने हायस्कूलचा पिचर (चेंडू टाकणारा) ब्रेडी एकेन याला पहिल्या क्रमांकावर निवडलं आणि ६५ लाख डॉलर ठरले. वैद्यकीय तपासणीत कोपराबद्दल शंका आली, संघाने आकडा खाली आणला, सही झाली नाही. एकेनच्या क्रमांकाची रक्कम गेली आणि तिच्यासोबत पाचव्या फेरीतल्या जेकब निक्सशी तोंडी ठरलेला १५ लाखांचा करारही गेला. निक्सची त्यात काहीच चूक नव्हती. पुढच्या मार्चमध्ये एकेनच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया (फाटलेला अस्थिबंध नव्याने बसवण्याची) झाली आणि २०१५ मध्ये क्लीव्हलंडने त्याला १७व्या क्रमांकावर सुमारे २५ लाखांना घेतलं. याच्या नेमकं उलट गेरिट कोलचं. २००८ मध्ये यांकीजने त्याला पहिल्या फेरीत निवडलं, तो नकार देऊन यूसीएलए विद्यापीठात गेला, आणि २०११ मध्ये पिट्सबर्गने पहिल्या क्रमांकावर निवडून ८० लाख डॉलर दिले. नकाराची किंमत हात धड असेपर्यंतच टिकते. पिचरच्या घरच्यांनी हा धोका फलंदाजाच्या घरच्यांपेक्षा जास्त धरायला हवा.

म्हणून आपला आकडा जूनमध्येच घरात कागदावर लिहून ठेवावा. वर्षभर स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणारे, एकच गोष्ट चाचपत असतात: किती दिले तर हा सही करेल? ड्राफ्ट चालू असताना मुलाच्या सल्लागाराला (सहीनंतर तोच एजंट) फोन येतो, “या क्रमांकावर एवढे, चालेल का?” आणि उत्तर काही मिनिटांत द्यायचं असतं. ऐन वेळी वडील एक म्हणतात, आई दुसरं, मुलगा तिसरं, आणि तेवढ्यात संघ पुढच्या नावावर जातो. होकार देऊन नंतर आकडा वाढवायला जाणं तर सगळ्यात वाईट, कारण तोवर उरलेलं बजेट दुसऱ्यांना वाटून झालेलं असतं. अव्वल खेळाडूंसाठी लीगची ड्राफ्टपूर्व वैद्यकीय तपासणी असते, ती करून घ्यावी. त्यात भाग घेतलेल्या खेळाडूला निवडणाऱ्या संघाला नेमून दिलेल्या रकमेच्या किमान ७५ टक्के देऊ करावे लागतात.

आता बोनस हातात किती पडतो ते पाहू. समजा चार लाख डॉलर ठरले. एजंटचे चार-पाच टक्के आणि केंद्र व राज्याचा कर मिळून साधारण तिसऱ्या हिश्शाहून जास्त जातो, उरतात अडीच लाखांच्या आसपास. मायनर लीगमधली पाच वर्षं धरली तर वर्षाला पन्नास हजार. शिवाय पगार: २०२३ च्या सामूहिक कराराने मायनर लीगच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, कॉम्प्लेक्स लीगमध्ये, वर्षाचा किमान पगार १९,८०० डॉलर झाला आणि सगळ्यात वरच्या ट्रिपल-एमध्ये ३५,८००. राहण्याची सोय २०२२ पासून संघाकडे आहे. उपाशी राहण्याचे दिवस गेले, पण या पगारात शिल्लक पडत नाही.

याच करारात एक ओळ असते जिच्याकडे बोनसच्या झगमगाटात दुर्लक्ष होतं: कॉलेज शिष्यवृत्ती योजना. खेळ सोडल्यावर शिकायचं ठरवलं तर प्रत्येक सत्रासाठी ठरलेली रक्कम भरली जाते. ती करारात आकड्यात लिहून घ्यावी लागते, तोंडी आश्वासनाला अर्थ नाही. खेळ सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत शिकायला सुरुवात करावी लागते आणि मिळणारे पैसे करपात्र असतात. खाजगी विद्यापीठाचा वर्षाचा खर्च आज ऐंशी-नव्वद हजार डॉलरच्या घरात आहे, म्हणजे आठ सत्रांची ही ओळ बोनसच्या तोडीची ठरू शकते. ज्या घरात पदवीला मोल आहे तिथे आधी या ओळीवर घासाघीस व्हावी.

कॉलेजच्या बाजूचे गैरसमजही कमी नाहीत. पहिला, ‘कॉलेजला गेला म्हणजे पदवी मिळाली.’ तिसऱ्या वर्षानंतर सही करणारा खेळाडू सहसा पदवीविनाच निघतो, त्यालाही वरची ओळ मागून घ्यावी लागते. दुसरा, ‘शिष्यवृत्ती म्हणजे सगळं फुकट.’ डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वोच्च गटातल्या, अख्ख्या संघाला वर्षानुवर्षं ११.७ शिष्यवृत्त्या होत्या, त्या तुकडे करून वाटल्या जात. २०२५-२६ पासून कॉलेज खेळाडूंच्या खटल्यातून झालेल्या नव्या समझोत्यात सामील झालेल्या विद्यापीठांना ३४ खेळाडूंची मर्यादा आहे आणि शिष्यवृत्तींची मर्यादा उठली आहे. ती द्यायचीच असं बंधन मात्र नाही. ३४ च्या मर्यादेत प्रशिक्षक दुसऱ्या कॉलेजातून बदलून आलेले बावीस-तेवीस वर्षांचे तयार खेळाडू घेतात आणि नवख्याची जागा जाते. म्हणून प्रशिक्षकाला सरळ विचारावं: माझ्या जागेवर आज कोण आहे, आणि पुढच्या वर्षी कोण राहणार?

मैदानावरचा फरक मोठा आहे. कॉलेजच्या नियमित हंगामात ५६ सामने असतात, फेब्रुवारीच्या मध्यापासून सुरू होणारे. मुख्य पिचर आठवड्यातून एकदा, बहुधा शुक्रवारी, टाकतो. मे-जूनच्या बाद फेरीत जिंकायची घाई असते, चेंडूंच्या संख्येवर नियमाचं बंधन नाही आणि प्रशिक्षकाची नोकरी निकालावर टिकते. कमी विश्रांतीवर हात वापरला जातो तो इथेच. मायनर लीगमध्ये लो-ए या खालच्या पायरीवर १३२ सामने, सोमवार सोडून रोज खेळ, पण पिचरचा प्रत्येक चेंडू मोजला जातो, कारण संघाने त्याच्यात पैसा गुंतवलेला असतो. कमी बोनसच्या खेळाडूला हे संरक्षण तितकं लाभत नाही. दोन हंगाम खराब गेले की त्याला सोडून देणं संघाला स्वस्त पडतं. लहान बोनसवर सही करण्याचा खरा तोटा हाच आहे. फलंदाजाला आणखी एक गोष्ट: कॉलेजात धातूची किंवा काँपोझिट बॅट, व्यवसायात लाकडाची. केप कॉडसारख्या उन्हाळी लीगमध्ये लाकडी बॅटने खेळून घेतलेलं बरं.

वयाचा हिशेब मात्र सही करण्याच्या बाजूने बोलतो. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा झाल्यावरच खेळाडू मोकळ्या बाजारात येतो, म्हणजे हव्या त्या संघाशी करार करू शकतो. लवकर सुरू करणारा ब्राइस हार्पर २६व्या वर्षी मोकळा झाला आणि फिलाडेल्फियाने १३ वर्षांचे ३३ कोटी डॉलर दिले. जज ३०व्या वर्षी मोकळा झाला. त्याला ३६ कोटी मिळाले, पण तसा फलंदाज पिढीत एखादाच. बाकीच्यांचा भाव तिशीनंतर उतरतो.

हार्परने तिसरी वाटही दाखवली. तो सदर्न नेवाडाच्या दोन वर्षांच्या कॉलेजात गेला आणि २०१० मध्ये थेट पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. अशा कॉलेजातला खेळाडू दर वर्षी ड्राफ्टमध्ये येऊ शकतो. दहाव्या फेरीनंतर निवडलेला मुलगा तिथे गेला, तर तोच संघ पुढच्या ड्राफ्टच्या आधी बजेटला हात न लावता त्याला सव्वादोन लाखांपर्यंत देऊ शकतो. हायस्कूलमध्ये आकडा जुळला नाही आणि तीन वर्षं थांबायचंही नाही, अशांसाठी ही सोय उत्तम आहे.

अमेरिकेत वाढणारी भारतीय मुलं आता या खेळात आहेत. पिचर कुमार रॉकरच्या आईचं घराणं भारतातलं. २०१८ मध्ये ३८व्या फेरीची निवड नाकारून तो व्हँडरबिल्टला गेला. २०२१ मध्ये मेट्सशी ठरलेले ६० लाख वैद्यकीय कारणाने फिसकटले आणि २०२२ मध्ये टेक्सासने तिसऱ्या क्रमांकावर ५२ लाख दिले. मराठी घरांना यात एक जादा कलम सांभाळावं लागतं, ते व्हिसाचं. अमेरिकेतल्या हायस्कूलात शिकणारा मुलगा नागरिक नसला तरी ड्राफ्टमध्येच धरला जातो. पण पालकांच्या नोकरीच्या व्हिसावर मुलांना मिळणारा एच-४ व्हिसा २१व्या वर्षी संपतो, म्हणजे नेमका तिसऱ्या वर्षानंतरच्या ड्राफ्टच्या सुमारास. कॉलेजात एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्या खेळाडूला काम करण्यावर निर्बंध असतात, त्यामुळे नाव आणि छबीच्या जाहिरातींचे पैसे इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय घेऊ नयेत. मायनर लीगच्या करारावर खेळायला पी-१ हा खेळाडूंचा व्हिसा लागतो आणि त्याचा अर्ज संघ करतो. तो कोण, कधी आणि कोणाच्या खर्चाने करणार, हे सहीच्या आधी लिहून घ्यावं.