हातचा गेला कुठे?

चौथीतल्या एका मुलीची वही परवा माझ्यासमोर होती. संध्याकाळी दोन-तीन मुलं गणित घेऊन माझ्याकडे येतात, त्यातली ही एक. वजाबाकीची सहा उदाहरणं, तीन बरोबर, तिघांवर लाल फुली आणि खाली शेरा : ‘लक्ष देऊन सोडवणे’. चुकलेली उदाहरणं अशी : ६३ − २७ = ४४, ५२ − ३८ = २६, ८१ − ४६ = ४५.

नीट बघा. मुलीचं लक्ष कुठेही गेलेलं नाही. प्रत्येक घरात तिने मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय. सातातून तीन गेले चार, सहातून दोन गेले चार. वर कोण आणि खाली कोण, याच्याशी तिला देणंघेणं नाही. तिन्ही वेळा हीच रीत, आणि तीही न चुकता. हातचा लागत नाही अशा ६८ − २५ मध्ये या रीतीने उत्तर बरोबरच येतं, म्हणून तिचा त्या रीतीवर विश्वास बसलाय. ‘लहानातून मोठं जात नाही’ असं कुणीतरी पहिलीत सांगितलं असणार. ते तिने फारच मनावर घेतलं.

१९७८ साली जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी शाळकरी मुलांच्या अशा चुका संगणकाच्या मदतीने तपासल्या. मुलं वाटेल तसं उत्तर ठोकतात हा समज त्यात बराचसा खोटा ठरला. पुष्कळ चुकांमागे ठरलेली, पण कुठेतरी बिघडलेली रीत असते. संगणकाच्या प्रोग्राममधल्या दोषाला जसं ‘बग’ म्हणतात, तसाच हा. तो एकदा सापडला की मूल पुढचं उदाहरण कसं चुकवणार हे आधीच सांगता येतं. त्या मुलीला मी ७४ − ३९ दिलं, तेव्हा ४५ येणार हे मला ठाऊक होतं. आलंही.

मराठी मुलांच्या वाट्याला आणखी एक भानगड येते. आपण ‘त्रेसष्ट’ म्हणतो तेव्हा तीन आधी उच्चारतो आणि साठ मागून. लिहिताना मात्र सहा आधी. नवशिकं मूल ऐकून ३६ लिहितं ते काही उगाच नाही. त्यात ‘एकोणतीस’ म्हणजे तिसाला एक कमी, म्हणजे संख्येच्या नावातच वजाबाकी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी वाचनपद्धत आली आणि राज्यभर थट्टेचा पाऊस पडला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे मुलांची अडचण समजावून सांगत होत्या. मला स्वतःला ‘त्रेसष्ट’ सोडवत नाही. पण अडचण खरी आहे, आणि शिकवणाऱ्याला ती दिसायलाच हवी.

आता भीतीकडे येऊ. ‘हातचा एक’ म्हणतो तेव्हा तो एक खरं तर मनात धरलेला असतो. पुढची बेरीज होईपर्यंत तो पडू द्यायचा नाही. या धरून ठेवण्याच्या जागेला मानसशास्त्रात कार्यस्मृती म्हणतात आणि ती फार लहान असते, जेमतेम ओंजळीएवढी. मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. मनात काही अक्षरं धरून ठेवायची आणि त्याच वेळी बेरीज करायची. साध्या बेरजेत गणिताला घाबरणारे आणि न घाबरणारे यांत फारसा फरक पडला नाही. अक्षरं वाढली आणि बेरजेत हातचा आला, तेव्हा मात्र घाबरणाऱ्यांच्या चुका खूपच वाढल्या. ‘मला येणार नाही’, ‘सगळे बघताहेत’ हे विचारसुद्धा त्याच ओंजळीत जागा अडवतात, मग हातचा निसटतो. म्हणजे ज्याला ‘गणिताचं डोकं नाही’ म्हणून आपण मोकळे होतो, त्याचं डोकं रिकामं नसून भलत्याच गोष्टीने भरलेलं असतं.

मग आधी भीती घालवायची आणि नंतर गणित शिकवायचं? स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विनोद मेनन यांच्या गटाने २०१५ मध्ये याचं उलटं उत्तर दिलं. तिसरीतल्या ४६ मुलांना आठ आठवडे, एकास एक, गणिताची शिकवणी दिली. समुपदेशन नाही, धीराची भाषणं नाहीत. फक्त बेरजा-वजाबाक्या, मुलाला पेलतील अशा क्रमाने. गणित सोडवताना मेंदूत काय घडतं हे आधी आणि नंतर स्कॅनरमध्ये पाहिलं. सुरुवातीला घाबरट मुलांच्या मेंदूत अमिग्डला, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा बदामाएवढा भाग, जास्त चळवळ करत होता. शिकवणीनंतर त्यांची भीती उतरली आणि ही चळवळही ओसरली. कोळ्याला भिणाऱ्याला हळूहळू, सुरक्षितपणे कोळ्याजवळ नेतात, तसाच हा प्रकार असावा असं संशोधकांना वाटतं.

‘सुरक्षितपणे’ हा शब्द मात्र सोडून चालणार नाही. रोज पाणउतारा होत असेल तर सरावाने भीती मुरते. सगळ्या वर्गासमोर फळ्यापाशी उभं राहिलेलं मूल आठवून बघा. काहींना त्या जागी आपण स्वतःच आठवू.

पेलेल एवढं म्हणजे किती? १९८१ मध्ये अल्बर्ट बँड्युरा आणि डेल शंक यांनी वजाबाकीत कच्च्या मुलांना सरावाची ४२ पानं दिली, सात बैठकांत सोडवायला. काहींना सांगितलं, रोज सहा पानं. काहींना सांगितलं, शेवटी ४२ पूर्ण व्हायला हवीत. काम दोघांचं तेच. पण ‘रोज सहा’वाली मुलं वजाबाकीत पुढे गेली, ‘मला हे जमतं’ असं त्यांना जास्त वाटू लागलं, आणि पुढे सक्ती नसतानाही ती आपणहून वजाबाक्या सोडवत बसली. आज सहा झाली, काल सहा झाली होती, हा पुरावा त्यांच्या हातात होता. ‘शाब्बास, तू हुशार आहेस’ यात असा पुरावा नसतो आणि मुलांना ते बरोबर कळतं.

याला मोठी पदवी लागते असंही नाही. मुंबईत आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’ संस्थेच्या बालसख्या होत्या. वस्तीतल्याच तरुणी, शाळा शिकलेल्या, जेमतेम दोन आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं त्या रोज दोन तास वेगळी बसवत आणि मूल जिथे अडलंय तिथून सुरू करत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी हा उपक्रम मोजून पाहिला आणि २००७ मध्ये निष्कर्ष मांडले. गुण वाढले होते, आणि वाढ मुख्यतः बालसखीकडे गेलेल्या मुलांचीच होती. इयत्ता कोणती हे विसरून मूल कुठे आहे ते बघायचं. ऐकायला सोपं, पण पोर्शन संपवायच्या घाईत ते जमत नाही.

घरच्या शिकवणीबद्दल मात्र जरा सांभाळून. २०१५ मध्ये एरिन मलोनी आणि शियान बायलॉक यांच्या गटाला असं दिसलं, की स्वतः गणिताला घाबरणारे आईबाबा रोजच्या गृहपाठात वारंवार मदत करतात, तेव्हा मुलं वर्षभरात गणित कमी शिकतात आणि जास्त घाबरू लागतात. अशा पालकांनी मदत फारशी केली नाही, तर त्यांची भीती मुलांना बाधत नव्हती. ‘आमच्या घरात कुणालाच गणित येत नाही’ हे आपण किती कौतुकाने सांगतो!

तर ती वही. मी तिला ६३ रुपये दिले : दहाच्या सहा नोटा, एकेकाची तीन नाणी. म्हटलं, यातले २७ मला दे. तिने दोन नोटा पुढे केल्या, मग नाण्यांकडे बघत थांबली.

‘काका, सुटे नाहीत.’

‘मग?’

‘एक नोट मोडून द्या ना.’

दहाची नोट मोडून मी नाणी दिली. हातात तेरा नाणी झाली, सात तिने मला दिली. उरल्या तीन नोटा आणि सहा नाणी. हेच वहीत लिहायचं, एवढंच बाकी होतं, आणि त्याला मात्र चांगले तीन दिवस गेले. नोटांचं शहाणपण कागदावर आपोआप उतरत नाही. मधला पूल कुणीतरी हात धरून ओलांडून द्यावा लागतो.

चौथ्या दिवशी तिला ताळा दाखवला. उत्तरात वजा केलेली संख्या मिळवायची, वरची संख्या परत आली पाहिजे. तिने जुनं पान उघडलं. ४४ आणि २७ : ७१. वर ६३. ‘चुकलंय,’ ती म्हणाली, मी काही बोलायच्या आत. तिन्ही फुल्यांखाली नवी उत्तरं लिहिली, ३६, १४, ३५. मग बरोबरची खूण मिळालेल्या तीन उदाहरणांचाही ताळा करायला बसली.

‘ती बरोबर आहेत अगं,’ मी म्हटलं.

‘थांबा, बघते.’