पार्श्वभूमी : माणकीची नस ते पॅच क्लॅम्प

माणकी (स्क्विड, माकूळ) साफ करताना डोके ओढून आतडी काढायची, पातळ पारदर्शक कणा उपसायचा आणि उरलेल्या नळीच्या चकत्या करायच्या, ही गोव्यातल्या स्वयंपाकघरातली नेहमीची रीत. हीच नळी ताज्या माणकीची असेल आणि उभी चिरून उघडली, तर आतल्या बाजूला मानेकडच्या टोकाजवळ दोन्हीकडे एकेक चांदणीच्या आकाराची गाठ दिसते. तिथून मज्जातंतू फाटे फुटून स्नायूत शिरतात. त्यातला शेपटीकडे जाणारा तंतू सर्वांत जाड, काही जातींत जवळपास एक मिलिमीटर. माणसाचे मज्जातंतू जेमतेम 1 ते 20 मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजायचे. पेशीतली वीज मोजणाऱ्या यंत्रांचा आधुनिक इतिहास या जाड तंतूपासून सुरू होतो.

मज्जातंतूत वीज असते याचा सुगावा त्याआधी दीडशे वर्षे लागलेला होता. गॅल्व्हानीने बेडकाच्या पायांवरचे प्रयोग 1791 मध्ये छापले. 1850 मध्ये हेल्महोल्ट्झने बेडकाच्या तंतूतला संदेश सेकंदाला सुमारे 27 मीटर वेगाने जातो हे मोजून दाखवले. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी लाजाळूसारख्या वनस्पतींचे विद्युत प्रतिसाद टिपले. पण हे सगळे मोजमाप बाहेरून. पेशीच्या आत तार घालावी तर तारच पेशीहून जाड.

1936 मध्ये जे. झेड. यंग या प्राणिशास्त्रज्ञाने माणकीचा हा तंतू शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या नजरेस आणून दिला. दिसायला तो रक्तवाहिनीच वाटावा असा. माणकीला एवढा जाड तंतू लागतो कशाला? संकट आले की ती नळीतले पाणी एका झटक्यात बाहेर फेकून मागे पळते. त्यासाठी जवळचे नि लांबचे स्नायू एकाच वेळी आवळले जावे लागतात, आणि जाड तंतूत संदेश वेगाने धावतो. म्हणून लांबच्या स्नायूला जाड तंतू.

इंग्लंडमध्ये प्लिमथ येथील सागरी प्रयोगशाळेत 1939 च्या उन्हाळ्यात अॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी या तंतूत काचेची बारीक नळी लांबीच्या दिशेने सरकवली. खरे तर हक्सलीला आधी आतल्या द्रवाचा घट्टपणा मोजायचा होता. टांगलेल्या तंतूत पाऱ्याचा थेंब सोडला, तर तो खाली सरकेचना. आतले द्रव्य जेलीसारखे घट्ट निघाले. तो बेत फसला, पण आत नळी घालता येते हे कळले. तोवर मान्य असलेल्या, जर्मन शास्त्रज्ञ बर्नस्टाइनच्या मतानुसार, संदेश जाताना तंतूच्या पातळ पडद्याच्या दोन्ही बाजूंमधला विद्युतदाब शून्यावर यायला हवा होता. प्रत्यक्षात तो शून्य ओलांडून उलट्या बाजूला गेला. हे छापून येण्याआधीच महायुद्ध पेटले. पुढे 1941 मध्ये प्लिमथच्या प्रयोगशाळेवर बॉम्बही पडले.

युद्धानंतर आलेले ‘व्होल्टेज क्लॅम्प’ हे तंत्र मला या सगळ्या कहाणीतले सर्वांत हुशार पाऊल वाटते. त्याची मूळ कल्पना अमेरिकेतल्या केनेथ कोल यांची, 1947 ची. गळक्या टाकीतले पाणी एकाच पातळीवर ठेवायला जितके पाणी ओतावे लागते, तितकीच तिची गळती. तसाच इथे विद्युतदाब इलेक्ट्रॉनिक सर्किटने एका आकड्यावर धरून ठेवायचा आणि त्यासाठी किती प्रवाह द्यावा लागतो ते मोजायचे. त्यावरून हॉजकिन आणि हक्सली यांनी सोडियम आणि पोटॅशियमचे प्रवाह वेगळे केले आणि 1952 मध्ये समीकरणे मांडली. केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद होता, म्हणून हक्सलीने हाताने फिरवायच्या ब्रुन्सविगा गणनयंत्रावर आकडेमोड केली. समीकरणांतून संदेशाचा वेग निघाला सेकंदाला 18.8 मीटर. प्रयोगात मोजलेला होता 21.2. हाताने दांडा फिरवून काढलेल्या उत्तराला आणखी काय हवे! 1963 मध्ये दोघांना एक्ल्स यांच्यासह नोबेल मिळाले. मुक्तीनंतरच्या गोव्यात त्याच वर्षी 1842 पासूनच्या जुन्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेच्या जागी गोवा वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले.

सोडियम, पोटॅशियमला पडद्यातून ये-जा करू देणारी, समीकरणांत गृहीत धरलेली ‘दारे’ मात्र कोणी पाहिली नव्हती. 1976 मध्ये जर्मनीतल्या गटिंगेन येथे एर्विन नेहर आणि बेर्ट साकमन यांनी बेडकाच्या स्नायूवर पडद्याचा एवढासा तुकडा काचेच्या टोकाखाली पकडला आणि एकेका दाराची उघडझाप प्रवाहाच्या पायऱ्यांच्या रूपात टिपली. हाच पॅच क्लॅम्प. प्रवाह काही पिकोअँपिअरचा, म्हणजे अँपिअरचा लाख-कोटीवा भाग मोजायचा. 1980 च्या सुमारास त्यांना आढळले की स्वच्छ टोक टेकवून हलकेच ओढ दिली, की काच आणि पडदा असे घट्ट चिकटतात की मधला विद्युतरोध अब्जभर ओहमच्या वर जातो. त्याने मोजमापात मिसळणारा नको असलेला विद्युत गोंगाट एकदम खाली आला. 1991 चे नोबेल त्यासाठीच. आता माणकीची गरज उरली नव्हती, कुठलीही लहान पेशी चालणार होती.

इतके होऊनही हे काम अजून हातकारागिरीचेच. काचेची नळी मध्ये तापवून दोन्हीकडून खेचायची, टोक मायक्रॉनभराचे करून तापवून गुळगुळीत करायचे. नळीत घालायची चांदीची तार ब्लीचमध्ये बुडवायची, करडा-जांभळट थर चढला की ती तयार. रबरी नळीतून तोंडाने हळूच ओढ द्यायची नि यंत्राच्या स्क्रीनवरची रेघ सपाट होते का ते बघायचे. भोवती धातूच्या जाळीचा पिंजरा, नाहीतर भिंतीतल्या वायरिंगमधल्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुण सगळे झाकून टाकते. किनाऱ्यावरच्या दमट, खारट हवेत दुखणी वाढतात. ओल्या धुळीतून प्रवाह झिरपतो, भिंगांना बुरशी धरते. म्हणून अशा खोलीतला एसी आणि आर्द्रताशोषक चैनीत मोडत नाहीत.

नवी औषधे आज या तंत्राच्या चाळणीतून जातात. हृदयाच्या पेशीत एचईआरजी नावाचे पोटॅशियमचे दार असते. एखादे रसायन ते अडवत असेल तर हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडू शकतात. टर्फेनाडीन हे ॲलर्जीचे औषध याच कारणाने नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या बाजारातून गेले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियमांत ही तपासणी आली आणि एका वेळी शेकडो पेशींवर आपोआप चालणारे पॅच क्लॅम्पही आले. त्यात काचेच्या नळीऐवजी बारीक छिद्रांची चकती असते, आणि तोंडाने ओढण्याचे काम पंप करतो.