नाव माउगर, उच्चार मेजर

सप्टेंबर २०२५ मध्ये डेन्मार्कमधल्या वॉयेन्स गावी पोलंडच्या बार्टोश झ्मार्झलिकने स्पीडवेचं सहावं जागतिक विजेतेपद मिळवलं आणि दोन जुनी नावं पुन्हा बातम्यांत आली. एक स्वीडनचा टोनी रिकार्डसन, दुसरा न्यूझीलंडचा आयव्हन माउगर. सहाचा आकडा तोवर या दोघांनीच गाठला होता. रिकार्डसनला प्रत्यक्ष पाहिलेले चाहते अजून भरपूर आहेत. माउगरने सहावं विजेतेपद मिळवलं ते १९७९ मध्ये, त्यामुळे तरुण चाहत्यांना तो फक्त यादीतलं एक नाव म्हणून माहीत असतो. तेही बरेचजण चुकीचं उच्चारतात. स्पेलिंग पाहून ‘माउगर’ म्हणावंसं वाटतं, पण उच्चार आहे ‘मेजर’. इथून पुढे मीही मेजरच लिहितो.

आपल्याकडे हा खेळ रुजलाच नाही, म्हणून आधी थोडं त्याबद्दल. चार रायडर, चार लॅप, जेमतेम एका मिनिटात निकाल. मोटरसायकल ५०० सीसीची, एका सिलिंडरची, मिथेनॉलवर चालणारी. गिअर एकच आणि ब्रेक नाहीतच. ट्रॅक अंडाकृती, वर खडीच्या बारीक चुरीचा थर, आणि सगळी वळणं डावीकडे. वळणावर वेग कमी करायचा नसतो. मागचं चाक मुद्दाम बाहेर घसरवायचं, पुढचं चाक उलट म्हणजे उजवीकडे वळलेलं ठेवायचं आणि डाव्या बुटाखाली बांधलेली लोखंडी पट्टी जमिनीवर टेकवून तोल सांभाळायचा. जत्रेतल्या ‘मौत का कुआँ’मध्ये लाकडी भिंतीवर एकटा फिरणारा मोटरसायकलवाला आठवा. इथे तसे चौघं, तेही एकमेकांना खेटून.

पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला शून्य. मेजरच्या काळात वर्षाचा जगज्जेता एकाच दिवशी ठरायचा. अंतिम सामन्यात १६ रायडर, प्रत्येकाच्या पाच फेऱ्या (एक फेरी म्हणजे चौघांची एक शर्यत), एकूण २०. आखणी अशी की प्रत्येकाची गाठ प्रत्येकाशी बरोबर एकदाच पडावी. सगळ्या फेऱ्या जिंकल्या तर १५ गुण. वर्षभर तुम्ही कितीही चांगले चालवत असा, त्या दिवशी एक इंजिन बंद पडलं की पुढच्या वर्षाची वाट पाहा. १९९५ पासून ग्रां प्री मालिका आली आणि हंगामभराच्या गुणांवर विजेता ठरू लागला. म्हणून मेजरची सहा आणि झ्मार्झलिकची सहा शेजारी ठेवून कोण मोठा म्हणून भांडण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. दोन परीक्षाच वेगळ्या.

या खेळाचा जन्म १५ डिसेंबर १९२३ चा मानतात. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या वेस्ट मेटलंडच्या कृषी प्रदर्शनाच्या मैदानावर जॉनी हॉस्किन्सने दिव्यांच्या उजेडात मोटरसायकल शर्यती भरवल्या. त्याच्याही आधी कुणी कुठे शर्यती लावल्या होत्या यावर वाद आहेत, पण खेळाचा तमाशा कसा उभा करायचा हे जगाला शिकवलं हॉस्किन्सनेच. आणि हा माणूस जन्माने न्यूझीलंडचा. १९ फेब्रुवारी १९२८ ला लंडनजवळच्या हाय बीचला मोठी शर्यत झाली, गर्दी लोटली आणि काही महिन्यांत इंग्लंडभर ट्रॅक उभे राहिले. १९३६ मध्ये वेम्बलीला पहिला जागतिक अंतिम सामना झाला.

मेजरचा जन्म ४ ऑक्टोबर १९३९ चा, क्राइस्टचर्चचा. या शहराचं या खेळाशी नातं काही वेगळंच आहे. तिथल्या रॉनी मूरने १९५४ आणि १९५९ मध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं. त्याच शहरातल्या बॅरी ब्रिग्जने १९५७, १९५८, १९६४ आणि १९६६ मध्ये. मेजरची सहा धरली तर एका शहराच्या तिघांकडे मिळून १२ विजेतेपदं होतात. मूर आणि ब्रिग्ज दोघंही इंग्लंडला जाऊन मोठे झाले होते, त्यामुळे पोरसवदा मेजरसमोर वाट आखलेलीच होती.

त्या वाटेने तो १९५७ मध्ये निघाला. वय १७, सोबत नुकतीच लग्न झालेली रे, तीही जवळपास त्याच वयाची. बोटीने ते इंग्लंडला पोहोचले आणि मेजर विम्बल्डन क्लबच्या दारात उभा राहिला. मूर त्याच क्लबचा. पण या मुलाला संघात धड जागाच मिळेना. मैदानाच्या देखभालीची कामं करायची आणि मुख्य लढती संपल्यावर उरलेल्या वेळात नवशिक्यांच्या शर्यतीत चालवायला मिळालं तर चालवायचं, असं सगळं. शेवटी तो हात हलवत घरी परतला.

त्याच्याबद्दल लिहिणारे हा भाग दोन ओळींत उरकतात. मला वाटतं, पुढचा मेजर घडला तो इथेच. मूर आणि ब्रिग्ज यांना इंग्लंडने लहान वयातच उचलून घेतलं. याला परत पाठवलं. मूरसारखी उपजत नजाकत आपल्यात नाही हे त्याला तेव्हाच कळलं असावं, कारण नंतर त्याने जे केलं ते सगळं नजाकतीची उणीव भरून काढणारं होतं. आधी ऑस्ट्रेलियात, ॲडलेडसारख्या ठिकाणी राहून त्याने पुन्हा पहिल्यापासून शिकायला घेतलं. १९६३ मध्ये तो इंग्लंडला परतला तो न्यूकॅसल डायमंड्सकडे, प्रॉव्हिन्शियल लीगमध्ये, म्हणजे दुसऱ्या फळीत. तिथला वैयक्तिक किताब त्याने १९६३ मध्ये जिंकला, १९६४ मध्ये पुन्हा जिंकला आणि त्याच वर्षी संघालाही लीग जिंकून दिली. १९६७ मध्ये वेम्बलीच्या जागतिक अंतिम सामन्यात तो तिसरा आला. तेव्हा वय २७. या खेळात एवढ्या वयात एक तर नाव झालेलं असतं किंवा होणार नाही हे कळून चुकलेलं असतं.

मग तीन वर्षांत त्याने जग पालथं घातलं. १९६८ मध्ये गोथेनबर्गला पैकीच्या पैकी १५ गुण. १९६९ मध्ये वेम्बलीला १४. १९७० मध्ये पोलंडच्या व्रोत्सवाफला पुन्हा १५, तेही पोलिश प्रेक्षकांसमोर. दुसरा आणि तिसरा क्रमांक पोलंडच्याच वालोशेक आणि वोरिना यांचा. सलग तीन वर्षं हे विजेतेपद तोवर कुणीही जिंकलं नव्हतं.

त्याची पद्धत तेव्हा अनेकांना खटकायची. मोटरसायकल आरशासारखी लख्ख. ट्रॅक पायी फिरून पाहायचा, खडी कुठे साचली आहे आणि कुठे सरकून जमीन कडक झाली आहे हे टिपून ठेवायचं. सुरुवातीची फीत वर जाण्याच्या क्षणी क्लच सोडायचा सराव पुन्हा पुन्हा. पहिल्या वळणावर जो पुढे, त्याच्या मागच्या तिघांच्या तोंडावर चुरीचा मारा, हे साधं गणित. शिवाय शर्यतीआधी पिट्समध्ये, म्हणजे रायडर गाड्या तयार ठेवतात त्या जागी, प्रतिस्पर्ध्यांच्या डोक्यात किडा सोडण्यात तो पटाईत. रंगतदार चालवणाऱ्यांवर जीव टाकणारे लोक त्याला थंड म्हणत. आकडे मात्र त्याच्याच बाजूने. बेल व्ह्यू एसेस या मँचेस्टरच्या क्लबकडे तो १९६९ मध्ये गेला आणि १९७० ते ७२ अशी तीन वर्षं ब्रिटिश लीग त्या क्लबकडेच राहिली. १९७३ मध्ये तो एक्सेटरकडे गेला, १९७४ मध्ये लीग एक्सेटरने जिंकली. योगायोग म्हणायचा तर फारच वेळा घडलेला.

आठवडाभर इंग्लंडमध्ये क्लबसाठी, रविवारी जर्मनीत लाँगट्रॅकवर, असं ते आयुष्य होतं. लाँगट्रॅक म्हणजे याच खेळाचा थोरला भाऊ. ट्रॅक हजार मीटरपर्यंतचा, वेग खूप जास्त आणि पैसाही जास्त. त्यातही तो १९७१, १९७२ आणि १९७६ मध्ये जगज्जेता झाला.

सांघिक विजेतेपदांची गोष्ट जरा गमतीची आहे. सांघिक स्पर्धेत ब्रिटनचा संघ न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या रायडरांनाही आपल्यात धरायचा. त्यामुळे १९६८, १९७१ आणि १९७२ मध्ये मेजर जगज्जेत्या ‘ब्रिटन’चा भाग होता. स्वतःच्या देशासाठी ते जिंकायला १९७९ उजाडलं. लंडनच्या व्हाइट सिटी स्टेडियममध्ये न्यूझीलंडने बाजी मारली, संघात लॅरी रॉस, मिच शिरा असे तरुण, सोबत ब्रूस क्रिब आणि चाळिशीला टेकलेला कर्णधार मेजर. त्याआधी १९७० मध्ये माल्मोला जोडीची स्पर्धा त्याने रॉनी मूरबरोबर जिंकली होती. ज्याला पाहून घर सोडलं, त्याच्याच जोडीने.

हरला तेव्हाही थोडक्यात हरला. १९७१ मध्ये दुसरा, १९७४ मध्ये दुसरा, आणि या दोहोंच्या मधलं १९७३ तर त्याला आयुष्यभर टोचलं असेल. पोलंडच्या होझुफमधलं सिलेशियन स्टेडियम खच्चून भरलेलं. मेजर आणि येझी श्चाकेल यांचे गुण सारखे, प्रत्येकी १३. निकालासाठी दोघांचीच जादा फेरी. श्चाकेल पुढे, मेजरने आत घुसायचा प्रयत्न केला आणि पडला. पोलंडला पहिला जगज्जेता मिळाला. आदल्या वर्षी वेम्बलीला अशाच जादा फेरीत स्वीडनच्या बर्न्ट पेर्सनला हरवून मेजरने चौथं विजेतेपद घेतलं होतं, तेव्हा हिशेब बरोबरीत सुटला म्हणायचा.

त्यानंतर त्याचा काळ संपला असंच सगळे धरून चालले होते. १९७७ मध्ये गोथेनबर्गला पाऊस कोसळत होता, ट्रॅकचा चिखल झाला होता आणि गतविजेता पीटर कॉलिन्स दुखावलेला पाय घेऊन उतरला होता. सदतीस वर्षांचा मेजर जिंकला. हे पाचवं, म्हणजे स्वीडनच्या ओवे फुंडिनच्या विक्रमाशी बरोबरी. दोन वर्षांनी सहावं मिळालं ते होझुफला. जिथे पडला होता त्याच स्टेडियममध्ये, चाळिशीला महिनाभर उरलेला असताना. दुसरा आला पोलंडचाच झेनॉन प्लेख. लाँगट्रॅक, जोडी, सांघिक असं सगळं धरून त्याची एकूण जागतिक विजेतेपदं १५ भरतात.

१९७० च्या विजयाशी एक सोनेरी किस्सा जोडलेला आहे, अगदी शब्दशः. दोन अमेरिकी चाहत्यांनी त्याला शब्द दिला होता: सलग तिसऱ्यांदा जिंकलास तर तुझी मोटरसायकल सोन्याने मढवून देऊ. तो जिंकला, त्यांनी शब्द पाळला. ही गाडी ‘ट्रिपल क्राउन स्पेशल’ म्हणून ओळखली जाते आणि ती क्राइस्टचर्चच्या कँटरबरी म्युझियममध्ये मांडली गेली. गाडी जावाची. जावा म्हटलं की आपल्याकडे म्हैसूरच्या कारखान्यातली, पुढे येझदी झालेली, फटफट करत गावात शिरणारी गाडी डोळ्यांसमोर येते. चेकोस्लोव्हाकियात त्याच नावाखाली दिव्हिशोव्हच्या कारखान्यात स्पीडवेची यंत्रं बनत, आणि त्या काळी जगातले बरेच रायडर त्यांवर स्वार होते.

मेजरने १९८० च्या दशकाच्या मध्यावर शर्यती सोडल्या. निवृत्तीनंतर काय करायचं हा प्रश्न त्याला फारसा पडला नसावा, कारण धंद्याची बाजू तो आधीपासूनच पाहत होता. सत्तरच्या दशकात त्याने आणि बॅरी ब्रिग्जने मिळून नामवंत रायडरांचा ताफाच तयार केला होता आणि तो घेऊन ते ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका असे फिरले. नाटक कंपनीचे दौरे असतात तसा प्रकार. नंतर ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला घर केलं, तरुण रायडरांसाठी प्रशिक्षण शिबिरं घेतली. १९७६ मध्ये एमबीई, १९८९ मध्ये ओबीई हे ब्रिटिश राजघराण्याचे किताब आले. २००० मध्ये खेळाच्या मासिकांनी सहस्रकातला सर्वोत्तम रायडर निवडायला सांगितलं तेव्हाही नाव त्याचंच आलं.

अखेरच्या वर्षांत स्मृतिभ्रंशाने गाठलं. प्रत्येक ट्रॅकचा कानाकोपरा डोक्यात ठेवणाऱ्या माणसाला नेमका हा आजार. १६ एप्रिल २०१८ ला गोल्ड कोस्टला तो गेला, वयाच्या ७८ व्या वर्षी. विम्बल्डनच्या फजितीपासून सोबत असलेली रे शेवटपर्यंत बरोबर होती. चार महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, रॉनी मूरही गेला.

राहता राहिला १९७१ चा तो पराभव. त्या वर्षी गोथेनबर्गला सगळ्या फेऱ्या जिंकून मेजरला दुसऱ्या क्रमांकावर ढकलणारा होता डेन्मार्कचा ओले ओलसन. न्यूकॅसलला मेजरच्याच हाताखाली तयार झालेला, त्याची तयारीची शिस्त जशीच्या तशी उचललेला. ओलसन तीनदा जगज्जेता झाला, पुढे ग्रां प्री मालिकेचा कारभारही त्याने बरीच वर्षं पाहिला. पण त्याआधी, १९७५ मध्ये, त्याने आपल्या देशात स्वतःचा ट्रॅक बांधला, वॉयेन्स नावाच्या छोट्या गावी. झ्मार्झलिकने २०२५ मध्ये सहावं विजेतेपद घेतलं ते त्याच ट्रॅकवर.