सड्यावरची टिटवी वेगळी

आमच्याकडे टिटवी म्हटली की एकच. रात्री मळ्याच्या बाजूने ओरडत गेली की घरातली म्हातारी माणसं कपाळाला आठ्या घालतात आणि विषय तिथेच संपतो. पण रत्नागिरी-राजापूरच्या पट्ट्यात टिटव्या दोन आहेत, आणि अपशकुनाचं खापर जिच्या माथी फुटतं ती सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळमाळावरची नव्हे.

मळ्यातली, वहाळाकाठची टिटवी म्हणजे लाल गाठीची. डोकं, गळा, छाती काळी, डोळ्यामागून मानेवर उतरणारा पांढरा पट्टा, डोळ्यापुढे लाल मांसल गाठ. चोचही लाल, फक्त टोक काळं. सड्यावरची माळटिटवी तिच्याहून लहान आणि मातकट. डोक्यावर काळी टोपी, टोपीखाली पांढरी कड आणि चोचीच्या बुडाशी पिवळीधमक गाठ. पायांवरून ओळखायला जाल तर फसाल, दोघींचे पिवळेच. लांबून छाती बघावी. काळी दिसली तर मळ्यातली. आवाज तर विचारायलाच नको: पहिली अख्खी वाडी जागी करते, दुसरीची बारीक, तुटक हाक वाऱ्यात विरून जाते.

घरटं म्हणावं असं दोघींचंही नसतं. जमिनीत उथळ खळगा, कडेने खडे, त्यात बहुधा चार ठिपकेदार अंडी. उन्हं तापली की पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतात आणि अंडी गार ठेवतात. फरक आहे तो जागेच्या हट्टात. लाल गाठीची पाण्याजवळच्या शेतात राहील, माणसांच्या वर्दळीत राहील, प्रसंगी घराच्या गच्चीवर अंडी घालील. माळटिटवीला मात्र कोरडा, उघडा माळच लागतो, आणि पावसाआधी, जांभ्याचा कातळ तव्यासारखा तापलेला असतो तेव्हाच तिची वीण भरात असते.

नेमका तेव्हाच सडा माणसाला मेलेला दिसतो. पहिल्या सरींनंतर त्याच कातळावर दीपकाडी फुलते, पुढे तेरडा येतो, पण एप्रिल-मेमध्ये बघणारा म्हणतो, 'पडीक आहे, काय करायचं?' मग सुरुंग लावून, माती भरून कलमं लावली जातात, नाहीतर चिरेखाण सुरू होते. बाग झाली, पाण्याची टाकी आली की लाल गाठीची तिथेही फिरकते. माळटिटवी कधी नाहीशी झाली ते कळतही नाही, कारण कुणी विचारलंच तर उत्तर तयार असतं: 'टिटव्या आहेत की!' दोघींना एकच नाव देण्याचा खरा तोटा हा.

गवताळ माळ राखता येतो, हे गुजरातेत दिसतं. भावनगर जिल्ह्यातलं वेळावदर 1976 साली राष्ट्रीय उद्यान झालं. क्षेत्र जेमतेम 34 चौरस किलोमीटर. काळविटांसाठी त्याचं नाव, पण त्याच गवतात पावसाळ्यात तणमोर हा माळपक्षी येतो आणि हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी शेकड्यांनी रात्रीच्या मुक्कामाला उतरतात. कोकणातल्या सड्यांकडे लोक आता कातळशिल्पांमुळे तरी वळून बघू लागलेत. हेही नसे थोडके.

मे महिन्यात कातळशिल्पं बघायला सड्यावर चढलात तर मळलेली वाट सोडू नका. एखादी मातकट टिटवी ओरडत भोवती घिरट्या घालायला लागली, तर होतात तिथेच थांबा. पायाखाली नीट बघा, आणि आल्या वाटेने मागे फिरा.