जुन्या चित्रपटांच्या धर्तीवरील पोशाखांची शिवण (सोलापूर)

जुन्या चित्रपटात दिसलेल्या पोशाखाचा काप, घेर व गळा पाहून तशाच धाटणीचा, पण प्रत्यक्ष वापरता येईल असा पोशाख नव्याने बेतण्याची व शिवण्याची कला. नमुने बहुधा १९३० ते १९७० या काळातील हिंदी, मराठी व हॉलिवूड चित्रपटांतून घेतले जातात. मूळ कपडा शिवणाऱ्याच्या हाती नसतो; चित्रचौकट, पोस्टर किंवा मासिकातले छायाचित्र एवढाच आधार. त्यामुळे वरवर नक्कल वाटणाऱ्या या कामात तर्काने भरून काढण्याचा भाग फार मोठा आहे आणि कारागिराचे खरे कसब तिथेच लागते.

सोलापूर हे जुनी मिल (१८७७) उभी राहिल्यापासून सुती कापडाचे गाव. विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी या गिरण्या विसाव्या शतकात नावाजल्या व त्या शतकाच्या उत्तरार्धात मंदावल्या. पूर्व भागातील तेलुगुभाषक पद्मशाली समाजाच्या मागांवर चादर व टॉवेल विणले जातात. अलीकडे गणवेश व तयार कपड्यांचा उद्योगही वाढला आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र याहून महत्त्वाची आहे ती बाराबंदी. मकरसंक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज पेलणारे भक्त पांढरी बाराबंदी व धोतर नेसतात. एकावर एक येणारे पुढचे पदर, बटणांऐवजी बंद, हाताने बसवलेला मुंढा (बाही जोडायची जागा) हे जुन्या कापाचे ज्ञान या निमित्ताने येथील शिंप्यांकडे दरवर्षी ताजे होते. अंगरखा किंवा पेशवाज (पुढून बांधायचा घेरदार झगा) शिवताना नेमके हेच लागते.

या प्रकारात सर्वाधिक शिवला जाणारा व उगमाबाबत सर्वाधिक वादाचा पोशाख म्हणजे अनारकली. त्याचे मूळ ‘मुग़ल-ए-आज़म’ (१९६०) या चित्रपटातील मधुबालाच्या वेषात आहे, असा सार्वत्रिक समज आहे. परंतु अनारकली व सलीम यांच्या कथेवर १९२८ मध्ये मूकपट निघाला होता व १९३५ मध्ये बोलपट. दोन्हींत सुलोचना (रूबी मायर्स) नायिका होत्या. बीना राय यांचा ‘अनारकली’ १९५३ चा. पडद्यावरचा हा वेष त्यामुळे एकाच चित्रपटाच्या पदरात घालता येत नाही.

वेषाच्या ऐतिहासिक आधाराबाबत दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार तो थेट अकबरकालीन आहे. ‘आईन-इ-अकबरी’त तकौचिया नावाच्या बिनअस्तराच्या अंगरख्याचे वर्णन येते, त्याचा खालचा घेर अकबराने गोल करवला व बंद उजवीकडे आणले, असे तिथे म्हटले आहे. पेशवाज त्याच धाटणीचा, फक्त पुढून बांधायचा. दुसऱ्या मतानुसार अकबरकालीन लघुचित्रांत ठळकपणे दिसतो तो टोके लोंबणारा चाकदार जामा. छातीखाली लगेच फुटणारा, जमिनीपर्यंत उतरणारा बहुकळ्यांचा (वर अरुंद, खाली रुंद अशा अनेक पट्ट्यांचा) घेर बराच उत्तरकालीन असून तो कथक नर्तकींच्या वेषातून पडद्यावर आला असावा. कापाच्या दृष्टीने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. गिरकी घेताना घेर उघडावा आणि थांबताच पायांशी बसावा, ही नाचाची गरज आहे. दरबारी वस्त्राला तिची निकड नव्हती. १९६० च्या चित्रपटासाठी शिंपी दिल्लीहून, भरतकाम सुरतेहून आणि मुकुट कोल्हापूरहून आल्याचे सांगितले जाते. एवढ्या ठिकाणांचे हात लागलेला वेष एकाच कालखंडाचा असेल, अशी अपेक्षाही फारशी रास्त नाही. अनारकली या नावाचा तयार ड्रेस बाजारात सर्वत्र दिसू लागला तो बराच नंतर, साधारणतः २००० नंतर.

तंग कमीज व चुडीदाराबाबतही श्रेयाचा प्रश्न आहे. ‘वक़्त’मुळे (१९६५) ही जोडी घरोघरी पोहोचली. कल्पनेचे श्रेय कोणी अभिनेत्री साधना यांना देतात, तर कोणी वेशभूषाकार भानू अथैया यांना. मूळच्या कोल्हापूरच्या अथैया यांना ‘गांधी’साठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले. कल्पना कोणाचीही असो, इतका तंग काप अंगावर बसवणे हे बेतणाऱ्याचे काम होते, हे विसरू नये. ‘सब्रीना’तल्या बोट नेकची (खांद्यापासून खांद्यापर्यंतच्या आडव्या गळ्याची) कथा तशीच आहे. ‘सब्रीना’च्या (१९५४) वेशभूषेचे ऑस्कर ईडिथ हेड यांना मिळाले, ऑड्री हेपबर्न यांचे काही पोशाख मात्र पॅरिसच्या झिव्हाँशी यांचे होते व त्यांचे नाव श्रेयनामावलीत नव्हते. मूळच्या सोलापूरच्या अभिनेत्री शशिकला यांच्या १९६० च्या दशकातील भूमिकांतले आधुनिक वेषही अभ्यासण्याजोगे आहेत.

बेतणी : अनारकलीचा सारा डौल कळ्यांच्या हिशेबावर असतो. छातीखालचा घेर ३२ इंच व कळ्या १६ धरल्यास प्रत्येक कळी वर २ इंच येते. दोन्ही बाजूंना अर्धा इंच माया (शिवणीसाठी जादा कापड) सोडून ती ३ इंच कापावी. खाली तयार रुंदी १२ इंच ठेवली तर एकूण घेर १९२ इंच, म्हणजे १६ फूट भरतो. कळीची कापायची लांबी ४४ इंच व कापडाचा पन्नाही (रुंदीही) ४४ इंच असेल, तर कळ्या उलटसुलट मांडून एका लांबीत ४ बसतात आणि सुमारे साडेचार मीटर कापड लागते. नक्षी एकमुखी असल्यास कळ्या उलट मांडता येत नाहीत. मग एका लांबीत ३ च बसतात व कापड पावणेसात मीटरांच्या घरात जाते. चाटी गल्लीत कापड घ्यायला जाण्यापूर्वी हा हिशेब कागदावर असावा. कळीच्या तिरक्या कडा ताणल्या जातात, म्हणून घेर जोडल्यावर पोशाख एक रात्र टांगून ठेवावा आणि मगच खालची कड सारखी करून दुमडावी. ही एक रात्र वाचवली की पहिल्या धुण्यानंतर घेर वरखाली होतो. चुडीदार उरेबमध्येच (कापड तिरके धरून) कापावा लागतो. सरळ कापडाच्या चुड्या पायावर नीट बसत नाहीत. तंग कमीज आधी मांजरपाटावर (साध्या कोऱ्या सुती कापडावर) शिवून अंगावर पाहावी, टक्स (अंगाबरोबर बसवण्यासाठी घातलेल्या चिमट्या) तिथेच ठरवावेत.

चित्रपटात पाठ क्वचितच दिसते. हुक, बंद की चेन, हे त्यामुळे काळावरून ठरवावे लागते. आजची छुपी चेन लावली की पाठीची रेषा लगेच परकी दिसते. कॅमेऱ्यासमोर नीट दिसावे म्हणून कित्येकदा कपडा मागून टाचण्यांनी घट्ट केलेला असे. तशी फिटिंग जशीच्या तशी उतरवल्यास बसता-उठता येत नाही. मुंढ्यात व कमरेला थोडी ढील ठेवणे भाग आहे.

रंग हा या कलेतील सर्वांत अवघड भाग. सुरुवातीच्या काळातील ऑर्थोक्रोमॅटिक (तांबडा प्रकाश न टिपणाऱ्या) कृष्णधवल फिल्मला तांबडा रंग जवळजवळ काळा व निळा फिकट दिसे. पॅनक्रोमॅटिक (सर्व रंग टिपणाऱ्या) फिल्मवर हा दोष कमी झाला, तरी शुभ्र पांढरा डोळ्यांवर येई म्हणून त्याऐवजी फिका पिवळा वा निळा कपडा वापरण्याची पद्धत होती. म्हणजे पडद्यावरची पांढरी साडी पांढरी असेलच असे नाही. ‘मुग़ल-ए-आज़म’च्या २००४ मधील रंगीत आवृत्तीतले बहुतेक रंग संगणकावर भरलेले आहेत, आरसेमहालासारखे मुळातच रंगीत चित्रित झालेले भाग तेवढे रंगांसाठी प्रमाण मानावेत.

कापडात सोलापूरकरांना जवळचे पर्याय आहेत. इरकलीचे सूत कळ्यांना चांगले पडते आणि तिचे काठ घेराच्या कडेला शोभतात. खणाचा पन्ना कमी, त्यामुळे तो योक (खांदा व छातीवरचा वेगळा तुकडा) व बाह्यांपुरता घ्यावा. जुन्या मराठी चित्रपटांतल्या परकर-पोलक्यासाठी मात्र त्याला तोड नाही. सोलापुरी चादरीची जाकिटे होतात, पण तिचे वजन घेरदार कपड्याला मानवत नाही. सुती कापड बेतण्यापूर्वी भिजवून, वाळवून घ्यावे. गडद खणाचा रंग निघतो की नाही हे ओल्या पांढऱ्या चिंधीने घासून आधीच पाहावे, आणि अस्तरही तसेच आधी भिजवून, वाळवून घ्यावे, नाहीतर धुतल्यावर अस्तर आटून वरचा कपडा चुरगळतो.