रांजणावरचा कोळी आणि दीड मिलिमीटर

आमच्या परभणीच्या घरामागं न्हाणीला लागून एक जुना रांजण आहे. त्यावर झाकण म्हणून शहाबादी फरशीचा तुकडा टाकलेला. सकाळी आठच्या सुमारास त्या फरशीवर ऊन येतं आणि उन्हामागोमाग एक करडा, केसाळ कोळी काठाशी येऊन बसतो. तांदळाच्या दाण्याएवढाच असेल. तो जाळं विणत नाही. माशी दिसली की मांजरासारखा दबकत पुढं सरकतो, थबकतो आणि झेप घेतो. पावसाळा संपल्यापासून मी त्याच्या मागं लागलोय, म्हणजे गुडघे टेकून, ओणवा होऊन, डोळ्याला कॅमेरा लावून. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून दोनदा विचारलं, "काय हुडकायलास रे बाबा? किल्ली पडली का?"

बारीक गोष्टी अगदी जवळून मोठ्या टिपणारी मॅक्रो लेन्स महाग असते म्हणून मी जुगाड केलाय. फिल्मच्या जमान्यातली ५० मिलिमीटरची एक जुनी लेन्स आहे, ती काही शे रुपयांच्या रिंगनं कॅमेऱ्यावर उलटी बसवली. साधी लेन्स समोरचं मोठं जग आतल्या एवढ्याशा सेन्सरवर लहान करून मांडते. तीच उलटी धरली की जवळचं बारीक मोठं दिसायला लागतं. अशा जोडणीत साधारण १:१ प्रमाण मिळतं, म्हणजे सहा मिलिमीटरचा कोळी सेन्सरवरही सहा मिलिमीटरचाच उमटतो. मोठ्या, ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर त्यानं रुंदीचा सहावा हिस्सा व्यापला. पुढं तो फोटो संगणकाच्या पडद्यावर उघडला की तांदळाच्या दाण्याचं वांगं होतं. जुनीच लेन्स का? तिच्यावर छिद्र लहानमोठं करायची रिंग असते. नव्या लेन्सा उलट्या केल्या की कॅमेऱ्याशी त्यांचं बोलणं तुटतं आणि छिद्र हातानं बदलता येत नाही.

इथपर्यंत सगळं सोपं. खरी अडचण खोलीची. एफचा आकडा मोठा तसं छिद्र लहान आणि स्पष्ट येणारा थर जाड. पण एवढ्या जवळून छिद्र एफ ११ ला ठेवलं, तरी फोटोत जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाडीचा थर स्पष्ट येतो. त्याच्या पुढचं धूसर आणि मागचंही. कोळ्याचे डोळे लख्ख आले तर पाठ धुक्यात जाते, पाठ पकडावी तर डोळे विरघळतात. मग छिद्र आणखी लहान करावं म्हटलं तर प्रकाश आडवा येतो. अरुंद फटीतून जाताना तो पसरतो. शिवाय १:१ वर एफ १६ चं छिद्र एफ ३२ सारखं वागतं, आणि सगळाच फोटो तुपकट होतो. म्हणून एफ ११ वर थांबायचं, फ्लॅश लावायचा, फ्लॅशपुढं दह्याचा पांढरा डबा कापून बसवायचा म्हणजे उजेड मऊ पडतो, आणि फोकसची रिंग विसरून जायची. आपणच श्वास रोखून केसभर पुढंमागं डुलायचं. डोळे स्पष्ट दिसले की बटण. शंभरातले चार फोटो कामाचे निघाले तर सकाळ सार्थकी लागली म्हणायची.

ही धूसरता माझी वैरीण. रांजणावरच्या त्या प्राण्याचं मात्र तिच्यावर पोट चालतं.

उड्या मारणाऱ्या कोळ्यांना आठ डोळे असतात. कडेचे सहा कुठं काही हललं का याची राखण करतात. पुढचे मधले दोन मोठे डोळे बारकाईनं बघायचे. त्यांचं भिंग डोक्याच्या कवचातच घट्ट बसलेलं असल्यामुळं ते हलत नाही. भिंगामागं लांबट नळी आणि नळीच्या टोकाला पडदा असतो. प्रत्येक नळीला सहा स्नायू असतात, ते ती नळी आतल्या आत इकडंतिकडं वळवतात. जवळून बघितलं तर हे दिसतं. एक क्षण डोळा मधासारखा पिवळसर, पुढच्या क्षणी काळाकुट्ट. काळा झाला म्हणजे आतली नळी नेमकी तुमच्याकडं वळलीय, तुम्हाला निरखणं चालू आहे. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी नकळत मान मागं घेतली होती.

आता प्रश्न असा की माशी किती लांब आहे हे त्याला कसं कळतं? त्या दोन मोठ्या डोळ्यांची नजर फार अरुंद असते, दोन्ही चित्रं जुळवून अंतर काढायची आपली पद्धत तिथं चालत नाही. आपल्यासारखं भिंग जाड-बारीक करून फोकस बदलणंही त्याला जमत नाही. २०१२ साली जपानी संशोधकांनी याचं उत्तर 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं. या कोळ्याच्या नळीच्या टोकाचा तो पडदा चार थरांचा असतो, एकामागं एक. सगळ्यांत मागच्या दोन्ही थरांना हिरवा प्रकाश कळतो, पण हिरव्या प्रकाशाचं चित्र स्पष्ट पडतं ते तळाच्या थरावर. त्याच्या पुढच्या थरावर ते कायम धूसर. माशी जवळ असेल तर ही धूसरता एका मापाची, लांब असेल तर दुसऱ्या मापाची. स्पष्ट आणि धूसर, दोन्ही चित्रं ताडून कोळी अंतर काढतो.

खात्री करण्यासाठी त्यांनी एक साधी गोष्ट केली. हिरव्या उजेडात कोळ्यांना शिकार दाखवली, उड्या नेमक्या पडल्या. मग तेवढ्याच प्रमाणात लाल उजेड दिला तर उड्या तोकड्या पडू लागल्या. भिंगातून लाल प्रकाश कमी वळतो, त्यामुळं त्याचं चित्र आणखी मागं जमतं आणि थरावरची धूसरता वाढते. वाढलेल्या धूसरतेचा अर्थ कोळ्याच्या हिशेबात 'माशी जवळ आहे' असा होतो. मग तो अलीकडंच उतरतो.

उडीमागं मांडीचे भरगच्च स्नायू असतील असं वाटेल, पण पाय ताणायचे स्नायू कोळ्याच्या मोठ्या सांध्यांना नसतातच. तो अंगातल्या द्रवाचा दाब पायात सोडतो, जेसीबीचा दांडा पुढं सरकतो तसंच. मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाशी आक्रसलेले दिसतात ते दाब गेल्यामुळं. आणि झेपेआधी तो शेपटाकडून एक धागा खाली चिकटवतो. फ्लॅशच्या उजेडात तो धागा अचानक चमकून जातो.

परसात कोळ्याशिवायही बरंच काही आहे. जास्वंदीवर मावा पडला की दोनेक दिवसांत पानाखाली केसासारख्या बारीक दांड्यांच्या टोकावर पांढुरकी अंडी दिसतात. कपाशीवाल्यांना मावा खाणारा क्रायसोपा किडा माहीत असतो, ही त्याचीच. मादी पानावर थेंब टेकवते, शेपूट उचलून त्याचा धागा ओढते, धागा कडक झाला की वर अंडं ठेवते. मुंग्यांपासूनही वाचतं आणि आधी फुटलेल्या भावंडाच्या तोंडूनही.

कुंपणाच्या रुईवरचा पिवळा-निळा टोळ मात्र जपून काढावा. फार जवळ गेलात तर त्याची पिल्लं घाण द्रवाची पिचकारी मारतात, आणि मागच्या वर्षी माझ्या लेन्सवर ती बसली. जूनमध्ये मिरग लागला की लाल मखमली मिरगाचे किडे निघतात. त्यांना आठ पाय असतात, म्हणजे नातं कोळ्याशीच. फोटोत त्यांचा लाल रंग नेहमी भडक होऊन सपाट पडतो, उजेड कमी केल्याशिवाय मखमलीचे केस दिसत नाहीत.

प्रार्थनाकीटकाच्या डोळ्यातला काळा ठिपका ही एक चक्रावणारी गोष्ट. कॅमेरा कुठूनही धरा, ठिपका तुमच्याकडंच बघतो. डोळ्यात बाहुली नसते, हजारो बारीक नळ्या असतात. ज्या नेमक्या तुमच्या दिशेनं आहेत त्या आत पडलेला उजेड गिळून टाकतात, म्हणून काळ्या दिसतात. जागा बदललीत की दुसऱ्या नळ्या काळ्या.

वेळेचं म्हणाल तर डिसेंबर. परभणीला पारा कधीकधी पाच अंशांच्या खाली जातो. किड्यांचं अंग बाहेरच्या हवेइतकंच गार पडतं, ऊन लागेपर्यंत ते हलत नाहीत. निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्यांचे नर संध्याकाळपासून सुकलेल्या काडीला जबड्यानं धरून लटकतात. पहाटे त्यांच्या केसांवर दव असतं, आणि तेव्हा रिंग, डुलणं, श्वास, सगळं निवांत जमतं.

लाल उजेडाचा प्रयोग मीही करून पाहिला. देवघरातला लाल झिरोचा बल्ब न्हाणीत लावला, कोळ्याला काचेच्या पेल्यात आणलं आणि पेला फरशीवर उपडा करून त्याला सोडलं. समोर जखमी माशी, तिच्यामागं मी, लेन्स लावून. त्यानं माशीकडं बघितलंच नाही. डोळे मधासारखे, मग काळे. पुढच्या क्षणी तो लेन्सच्या कडेवर होता, अंदाज तसूभर चुकला नव्हता. झिरोच्या बल्बचा लाल काही शुद्ध लाल नव्हे. फोटोत मात्र पोटाखालचे केस आणि दोन पाय तेवढे आले, तेही धूसर.